वकिलाकडे अडकलेला पैसा: हिशोब मागण्यापासून बार कौन्सिलच्या निकालापर्यंत

कोर्टातून रक्कम निघाली, वकिलाच्या खात्यात गेली आणि तिथेच बसली. अशील फोन करतो तेव्हा उत्तरे ठरलेली असतात: ‘साहेब कोर्टात आहेत’, ‘नाझरकडून चेक आलेला नाही’, ‘पुढच्या तारखेला बघू’. अशा वेळी लोक दोन टोकांना जातात. काही जण ‘वकिलाशी वैर कोण घेणार’ म्हणून वर्षानुवर्षे गप्प बसतात. काही जण दुसऱ्याच दिवशी चार पानी अर्ज खरडून मुख्य न्यायमूर्तींपासून पालकमंत्र्यांपर्यंत सगळ्यांना पाठवतात. त्या अर्जाचा उपयोग गप्प बसण्याइतकाच होतो.

पैशाच्या तक्रारीत बार कौन्सिलची (वकिलांची नोंदणी व शिस्त पाहणाऱ्या राज्यस्तरीय संस्थेची) शिस्तपालन समिती चारच गोष्टी शोधते. कोणती रक्कम, कोणत्या तारखेला, कशासाठी वकिलाच्या हाती आली, आणि त्यातली किती अशिलापर्यंत पोचली. वकील उर्मट होता, तारखा घेत होता, समोरच्या पार्टीला मिळाला असावा, हे सगळे खरे असले तरी ते या चारांच्या नंतर येते. बऱ्याच तक्रारी पडतात त्या हिशोब नसल्यामुळे.

दुसरी गोष्ट सुरुवातीलाच समजून घ्या. बार कौन्सिल सनदेवर, म्हणजे वकिलीच्या परवान्यावर, कारवाई करते, ती वसुली करून देत नाही. अधिवक्ता अधिनियम, १९६१ च्या कलम ३५ खाली समितीसमोर मार्ग चारच असतात: तक्रार फेटाळणे, समज देणे, काही काळासाठी सनद निलंबित करणे किंवा यादीतून नाव काढून टाकणे. ‘माझे सहा लाख परत मिळवून द्या’ ही मागणी या यादीत नाही. पैशासाठी वेगळी वाट धरावी लागते. ती पुढे दिली आहे.

रक्कम कोणत्या प्रकारची, हे आधी ठरवा

वकिलाकडे जाणारा पैसा तीन प्रकारचा असतो: फी, खर्चासाठी दिलेली रक्कम आणि तिसऱ्याकडून अशिलासाठी आलेली रक्कम. नुकसानभरपाई, वाढीव मोबदला, तडजोडीचा चेक, कोर्टात जमा झालेले भाडे हे सगळे तिसऱ्या प्रकारात येते. भारतीय विधिज्ञ परिषदेच्या (बार कौन्सिल ऑफ इंडिया, राज्य कौन्सिलांच्या वरची संस्था) नियमांत, भाग सहा, प्रकरण दोनमध्ये, नियम २५ ते ३२ हे याच पैशाबद्दल आहेत. तक्रार लिहिण्याआधी ते वाचायलाच हवेत. थोडक्यात ते असे सांगतात:

वकिलाने अशिलाच्या पैशाचा हिशोब ठेवायचा आणि त्यात मिळालेली रक्कम, झालेला खर्च व फीपोटी वळती केलेली रक्कम तारखांसह दाखवायची (२५). पैसे फीसाठी आले की खर्चासाठी, हे नोंदीत लिहायचे. प्रकरण चालू असताना खर्चाचे पैसे अशिलाच्या लेखी संमतीशिवाय फीकडे वळवायचे नाहीत (२६). अशिलाच्या वतीने रक्कम मिळाली की शक्य तितक्या लवकर त्याला कळवायचे (२७). प्रकरण संपल्यावर मात्र ठरलेल्या फीची बाकी वकील हातातल्या रकमेतून घेऊ शकतो (२८). फी ठरलीच नसेल तर कोर्टाच्या नियमांप्रमाणे देय असलेली फी कापून उरलेले परत करायचे (२९). मागितल्यावर हिशोबाची प्रत द्यायची, नकलेचा खर्च अशिलाने सोसायचा (३०). आणि हातातले पैसे कर्जात बदलतील असा व्यवहार करायचा नाही (३१).

नियम २८ नीट पाहा, कारण बहुतेक अशील इथेच चुकतात. ‘वकिलाने माझ्या पैशातून फी कापली’ एवढ्याने गैरवर्तन सिद्ध होत नाही. प्रकरण संपले असेल आणि फी ठरलेली असेल तर तो त्याचा हक्क आहे. गैरवर्तन सुरू होते ते न कळवता ठेवण्यापासून, ठरल्यापेक्षा जास्त कापण्यापासून आणि हिशोब नाकारण्यापासून.

नियम ३१ चा भंग तर गोड बोलून होतो. वकील म्हणतो, ‘पैसे वापरायला घेतलेत, दोन टक्के व्याजाने देईन’, आणि वचनचिठ्ठी लिहून देतो. अशील खूश होतो. इथे विश्वासाने ठेवलेली रक्कम उसनवारी झाली, आणि उद्या समितीसमोर बचाव तयार: हा आमचा खासगी व्यवहार आहे. अशी चिठ्ठी घेऊ नका. घेतली असेल तर लपवूही नका. ती नियमभंगाचा लेखी पुरावा आहे.

टक्केवारीचेही तसेच. मोटार अपघात आणि भूसंपादनाच्या प्रकरणांत ‘निकाल लागला की वीस टक्के’ असे सर्रास ठरते. नियम २० प्रमाणे निकालावर अवलंबून असलेली फी ठरवायलाच बंदी आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्येच मुंबईतल्या एका वकिलाच्या प्रकरणात अशा कराराला गैरवर्तन म्हटले होते. तुम्ही तोंडी हो म्हटले असले तरी तक्रारीत तसे स्पष्ट लिहा. दडवलेली गोष्ट उलटतपासात बाहेर आली की बाकीच्या खऱ्या गोष्टींवरचा विश्वासही जातो.

इंग्लंडमध्ये सॉलिसिटरला अशिलाचे पैसे वेगळ्या बँक खात्यात ठेवावेच लागतात. तिकडून आलेले मराठी वारस इथल्या वकिलाकडे तशा खात्याचा उतारा मागतात आणि चकित होतात. आपल्या नियमांत हिशोब ठेवण्याची सक्ती आहे, वेगळ्या खात्याची नाही. म्हणून ‘माझे पैसे त्याच्या स्वतःच्या खात्यात गेले’ हा आरोप एकटा पुरत नाही.

कोर्टातून काय काढायचे

रक्कम कोर्टात जमा होऊन निघाली असेल तर सगळ्यात भक्कम पुरावा कोर्टातच असतो, आणि तो वकिलाच्या मदतीशिवाय मिळतो. प्रकरणाचा सोळा अंकाक्षरी सीएनआर क्रमांक (प्रत्येक प्रकरणाचा ओळख क्रमांक) घ्या आणि ई-कोर्ट्स या न्यायालयांच्या संकेतस्थळावर शेवटच्या तारखा पाहा. मग नक्कल विभागात अर्ज करून या प्रमाणित नकला काढा:

– रक्कम काढण्याचा अर्ज, त्याचा निशाणी क्रमांक (कोर्टाने कागदाला दिलेला क्रमांक) आणि त्या निशाणीखालील आदेश. रक्कम कोणाच्या नावे द्यायची हे आदेशात असते.
– आदेशाच्या आधीच्या व नंतरच्या तारखांचा रोजनामा, म्हणजे त्या दिवशीच्या कामकाजाची नोंद.
– तुमचे वकीलपत्र. ‘रक्कम स्वीकारणे व पावती देणे’ हा अधिकार छापील मजकुरात बहुतेकदा असतोच. तो खोडलेला असूनही पैसे निघाले असतील तर प्रश्न आणखी गंभीर होतो.
– तडजोडीची पुरसिस (कोर्टात दिलेले लेखी निवेदन), असल्यास. तिच्यावर सही खरोखर तुमची आहे का ते बघा.
– नाझर विभागातील (कोर्टाचे पैसे सांभाळणाऱ्या विभागातील) अदायगीची नोंद: चेक क्रमांक किंवा बँक हस्तांतर, तारीख, रक्कम, कोणाच्या नावे, घेणाऱ्याची सही किंवा अंगठा, ओळख कोणी पटवली.

ही शेवटची नोंद लोक घेतच नाहीत. आदेशावरून फक्त रक्कम मंजूर झाल्याचे कळते. ती प्रत्यक्ष कोणी उचलली हे नाझरच्या नोंदीतून कळते. तिथे अंगठा दुसऱ्याचाच निघाला तर विषय बनावट दस्तऐवजाचा होतो, आणि मग आधी फौजदारी बाजू बघावी लागते.

लोकअदालतीत तडजोड झाली असेल तर आणखी एक रक्कम तपासा. विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाच्या कलम २१ खाली भरलेली कोर्ट फी परत मिळते. तडजोडीच्या आनंदात या परताव्याची आठवण कोणाला राहत नाही, आणि तो कोणी घेतला हे कोणी विचारत नाही.

बँकेकडून शिक्क्याचा उतारा घ्या, मोबाइलवरचा स्क्रीनशॉट नको. यूपीआयचा बारा अंकी संदर्भ क्रमांक, आरटीजीएसचा यूटीआर (व्यवहाराचा संदर्भ) क्रमांक हे उताऱ्यात दिसले पाहिजेत. व्हॉट्सॲपवरचे बोलणे महत्त्वाचे असेल तर पूर्ण चॅट निर्यात करून ठेवा, फोन विकू नका, आणि भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्याचे प्रमाणपत्र जोडा. त्याचे दोन भाग असतात. पहिला तुम्ही भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. प्रमाणपत्र नाही म्हणून ‘पैसे मिळाले, उद्या देतो’ हा एकच मोलाचा संदेश बाजूला पडू नये.

रोख दिलेल्या पैशाचे काय? पावती नसते हे गृहीत धरा आणि भोवतालचा पुरावा शोधा: त्याच दिवशी बँकेतून काढलेली रक्कम, सोबत असलेला माणूस, ‘पोचले’ असा संदेश, कारकुनाने चिठ्ठीवर लिहिलेला आकडा. यातले काहीच नसेल तर ती रक्कम तक्रारीत वेगळी दाखवा. सिद्ध होणाऱ्या रकमेत ती मिसळली की पूर्ण आकड्यावर शंका घेतली जाते.

एका पानाचा हिशोब

आता सगळे एका पानावर उतरवा. उदाहरण म्हणून एक वसुलीचा दावा घेऊ. ठरलेली फी ६०,००० रुपये. प्रतिवादीने हुकूमनाम्याची (निकालाने ठरलेली) रक्कम कोर्टात भरली आणि वकिलाने ती काढली.

१२ जून २०२२: खर्चासाठी रोख १८,०००, पावती आहे.
३ सप्टेंबर २०२२: फीपोटी यूपीआयने २५,०००.
१४ मार्च २०२४: कोर्टातून वकिलाच्या खात्यात ६,४०,०००, नाझर नोंद.
२ मे २०२४: वकिलाकडून अशिलाला आरटीजीएसने ४,००,०००.
प्रत्यक्ष खर्च, रेकॉर्डवरच्या पावत्यांप्रमाणे: १५,२००.

खर्चातून उरले २,८००. फीची बाकी ३५,०००. म्हणजे अशिलाला देय ६,४०,००० अधिक २,८०० वजा ३५,०००, बरोबर ६,०७,८००. त्यातले ४,००,००० मिळाले. अडकलेली रक्कम २,०७,८०० रुपये.

अनेक जण इथे २,४०,००० लिहितात, कारण वकिलाला फीचा एक रुपयाही द्यायची इच्छा उरलेली नसते. ती समजण्यासारखी आहे, पण चुकीची आहे. ३५,००० तुम्ही स्वतः वजा केलेत की वकिलाचा ‘हा फीचा वाद आहे’ हा बचाव पहिल्याच पानावर संपतो. उरते ती अशी रक्कम, जिचे स्पष्टीकरण फक्त त्यालाच द्यायचे आहे. शिवाय १४ मार्च ते २ मे या ४९ दिवसांत रक्कम आल्याचे कळवले होते का, हा नियम २७ चा प्रश्न आपोआप उभा राहतो.

मागणीपत्र

तक्रारीआधी लेखी मागणी करावीच, असे कायद्यात म्हटलेले नाही. तरी करा. पोच मिळेल अशा टपालाने आणि शिवाय ईमेलने पाठवा, पंधरा दिवस द्या. मजकूर कोरडा असू द्या:

‘अमुक दाव्यात निशाणी अमुक खालील आदेशाने दि. १४ मार्च २०२४ रोजी रु. ६,४०,००० आपणास मिळाले. पैकी रु. ४,००,००० मला दि. २ मे २०२४ रोजी मिळाले. नियम २५ व ३० प्रमाणे माझ्या खात्याच्या हिशोबाची प्रत द्यावी. नकलेचा खर्च देण्यास मी तयार आहे. माझ्या हिशोबाने रु. २,०७,८०० येणे आहे. आपला हिशोब वेगळा असल्यास पावत्यांसह कळवावा.’

यात ‘सनद घालवीन’, ‘पेपरात देईन’ असे एक वाक्यही नको. पैसे दे नाहीतर तक्रार करतो, अशी भाषा लिहिली की ते पत्र उद्या धमकीचा पुरावा म्हणून तुमच्याचविरुद्ध दाखल होते. उत्तर आले तर उत्तम. आले नाही तरी मागणी करूनही हिशोब दिला नाही हे सिद्ध झाले.

दरम्यान दुसरी रक्कम कोर्टातून निघायची असेल तर ती गळती आज थांबवा. त्या कोर्टात स्वतः अर्ज द्या की पुढील रक्कम थेट माझ्या बँक खात्यात जमा करावी. खात्याचा तपशील व रद्द केलेला चेक जोडा. अपघात दाव्यांत भरपाई थेट दावेदाराच्या खात्यात जावी, असे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये सांगितले आहे. नवा वकील नेमताना आधीच्या वकिलाची संमती लागते. तो देत नसेल तर कारण लिहून कोर्टाची परवानगी घेता येते. फी बाकी आहे म्हणून फाइल अडवून ठेवण्याचा हक्क वकिलाला नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या आर. डी. सक्सेना प्रकरणात २००० साली हे स्पष्ट झाले आहे.

तक्रार कुठे आणि कशी

वकील ज्या राज्याच्या यादीवर आहे त्या राज्याच्या बार कौन्सिलकडे तक्रार जाते. दावा कुठे चालला यावर ते ठरत नाही. वकीलपत्रावरच्या शिक्क्यात सनद क्रमांक असतो. त्याची सुरुवात ‘एमएएच’ने असेल तर बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवा, कार्यालय मुंबईत. गोव्याच्या आणि दादरा-नगर हवेली, दमण-दीवच्या वकिलांसाठीही हीच कौन्सिल. बेळगावातला वकील बहुधा कर्नाटकच्या यादीवर असतो, इंदूरचा मध्य प्रदेशच्या, बडोद्याचा गुजरातच्या. जिल्हा वकील संघाकडे दिलेला अर्ज ही तक्रार नव्हे. संघाचे पदाधिकारी मध्यस्थी करतील, शिक्षा करू शकणार नाहीत.

मराठीत तक्रार करता येते. नियमात राज्यभाषेची मुभा आहे. तक्रार अर्जाच्या स्वरूपात, सहीची आणि दिवाणी प्रक्रिया संहितेप्रमाणे सत्यापन केलेली हवी. सत्यापनात कोणते परिच्छेद स्वतःच्या माहितीवरून आणि कोणते मिळालेल्या माहितीवरून खरे मानता ते क्रमांक देऊन लिहायचे, खाली ठिकाण व तारीख. ‘वरील सर्व मजकूर खरा आहे’ एवढेच लिहिले की त्रुटी निघते आणि फाइल परत येते. सोबत शपथपत्र जोडा. शुल्क आणि प्रतींची संख्या जाण्याआधी कार्यालयात विचारून घ्या. आवक शिक्का मारलेली आपली प्रत जिवापाड जपा, कारण समितीने निकाल देण्याची एक वर्षाची मुदत (पुढे पाहा) त्या तारखेला धरून मोजायची आहे.

मजकुराचा क्रम असा ठेवा: दोघांचे नाव-पत्ता व सनद क्रमांक, कोणत्या प्रकरणासाठी, केव्हा नेमले, फी किती व कशी ठरली, रकमांचा तक्ता, मागणी व तिचे उत्तर, कोणता नियम कोणत्या कृतीने मोडला, जोडपत्रांची यादी. सहा-सात पाने पुरतात. नियमभंग एकेक करून लिहा. ‘तक्रारदाराची घोर फसवणूक केली’ हा आरोप नव्हे. ‘दि. १४ मार्च २०२४ रोजी मिळालेल्या रु. ६,४०,००० ची माहिती दि. २ मे २०२४ पर्यंत दिली नाही, नियम २७’ हा आरोप झाला. ही कारवाई अर्धी फौजदारी स्वरूपाची मानली जाते. आरोप नेमका नसेल आणि पुरावा ठाम नसेल तर शंकेचा फायदा वकिलाला मिळतो.

तक्रार आपल्याच वकिलाविरुद्ध असावी. समोरच्या पक्षाच्या वकिलाने ‘पैसे खाल्ले’ अशा तक्रारी येतात. वकील-अशील नाते नसताना एरवी अशी तक्रार चालत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र व गोव्याच्या कौन्सिललाच अशा एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने खर्चाचा दंड लावला.

तक्रारीसाठी अधिनियमात मुदत लिहिलेली नाही. पण सहा वर्षांनी गेलात तर ‘इतके दिवस काय करत होता’ हा पहिला प्रश्न असेल, आणि पैशाच्या दाव्याची मुदत तोवर गेलेली असेल.

दाखल झाल्यावर

कौन्सिल आधी तक्रार चाळते, जास्त तपशील मागू शकते, वकिलाचे म्हणणेही मागवू शकते. गैरवर्तन झाल्याचे मानायला सकृद्दर्शनी कारण आहे असे वाटले तरच ती शिस्तपालन समितीकडे जाते. चाळणीतच तक्रार निकालात निघाली तर त्यावर अपील नाही. अशा वेळी कलम ४८-अ खाली भारतीय विधिज्ञ परिषदेकडे पुनरीक्षणाचा (आदेश तपासून पाहण्याचा) अर्ज करायचा. हा फरक न कळल्यामुळे लोक अपील दाखल करून महिने घालवतात.

समिती तीन जणांची असते. दोघे कौन्सिलचे सदस्य, तिसरा बाहेरचा किमान दहा वर्षे अनुभवाचा वकील. ज्येष्ठतम असेल तो अध्यक्ष. सगळे वकीलच, ही टीका जुनी आहे आणि ती अगदीच अनाठायी नाही. पण साक्षीदार बोलावणे, कागदपत्रे हजर करायला लावणे, शपथेवर तपासणे याबाबत समितीला दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत (कलम ४२). त्यांचा वापर करून घ्या. वकिलाचा बँक उतारा आणि अशिलाच्या हिशोबाची वही हजर करण्याचा अर्ज पहिल्याच तारखांना द्या. वही आणली नाही तर समिती प्रतिकूल निष्कर्ष काढू शकते. आणली आणि सगळ्या नोंदी एकाच शाईत, एका बैठकीत लिहिल्यासारख्या दिसल्या, तर मूळ पावतीपुस्तकाचे अनुक्रमांक मागा.

पुढचा क्रम दाव्यासारखाच: नोटीस, वकिलाची कैफियत (लेखी उत्तर), मुद्दे, तुमचे पुराव्याचे शपथपत्र, उलटतपास, त्याचा पुरावा, युक्तिवाद. तुम्ही स्वतः उभे राहू शकता किंवा वकील देऊ शकता. तारखेला गैरहजर राहू नका. समिती एकतर्फी पुढे जाऊ शकते, आणि हे वकिलाला लागू आहे तसे तुम्हालाही.

उलटतपासात प्रश्न बहुधा हेच असतात: फी किती ठरली होती? लेखी आहे का? चार लाख मिळाले तेव्हा तक्रार का केली नाही? नवा वकील मिळाल्यावरच हे सुचले का? पानभर हिशोब पाठ असेल तर यातल्या एकाही प्रश्नाने फरक पडत नाही.

कलम ३६-ब प्रमाणे राज्य कौन्सिलच्या समितीने एका वर्षात निकाल द्यायचा असतो. नाही दिला तर प्रकरण भारतीय विधिज्ञ परिषदेकडे वर्ग होते. व्यवहारात वर्ष उलटते, बऱ्याचदा तारखांवर तारखांनी. डिसेंबर २०२१ मध्ये के. अंजिनप्पा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने यावर तीव्र नाराजी व्यक्त केली आणि वर्ग झालेली प्रकरणेही एका वर्षात संपवायला सांगितले. दहाव्या महिन्याच्या सुमारास या कलमाचा हवाला देऊन लवकर सुनावणीचा अर्ज द्यावा. तारखा जवळ यायला मदत होते.

तडजोडीचा सापळा

नोटीस लागली की वकिलाचा फोन येतो. ‘पैसे घेऊन जा, फक्त तक्रार मागे घे.’ पैसे घ्यायला हरकत नाही. ते तुमचेच आहेत. बँकेतून घ्या, पावतीवर फक्त ‘रु. अमुक मिळाले’ लिहा. ‘तक्रार गैरसमजातून केली होती’ या वाक्यावर सही करू नका. ते खोटे असेल तर तुम्ही शपथेवर केलेले आधीचे कथन खोटे ठरते. शिवाय नियमच सांगतो की केवळ तक्रार मागे घेतली किंवा आपसात मिटले म्हणून चौकशी बंद होत नाही.

कोऱ्या कागदावर किंवा न वाचता सही तर मुळीच नको. हरीशचंद्र तिवारी विरुद्ध बैजू हे प्रकरण याचा नमुना आहे. उत्तर प्रदेशातल्या या वकिलाने १९८७ मध्ये अशिलाच्या भूसंपादन मोबदल्याचे ८,११८ रुपये कोर्टातून काढले आणि त्याला कळवलेही नाही. तक्रार झाल्यावर पैसे दिले व मिटले असे सांगणारे अशिलाच्या नावचे शपथपत्र पुढे आले. वृद्ध, निरक्षर बैजूने ते आपले नसल्याचे सांगितले. विधिज्ञ परिषदेने तीन वर्षे निलंबन दिले. वकील स्वतःच अपिलात गेला, आणि २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा वाढवून त्याचे नाव यादीतून काढले. आठ हजारांत सनद गेली. अशिलाच्या पैशाचा अपहार हा सर्वांत गंभीर गैरवर्तनांपैकी एक, असे न्यायालयाने त्यात म्हटले.

शिक्षेचा पट्टा मोठा आहे. दावे दाखल करण्यासाठी स्टेट बँकेने दिलेले पैसे घेऊन दावेच न लावणाऱ्या दलाल नावाच्या वकिलाचे नाव १९९३ मध्ये निघाले. उलट, प्रल्हाद सरन गुप्ता प्रकरणात हाती आलेले १,५०० रुपये ठेवून घेतल्याबद्दल फक्त समज मिळाली. रकमेपेक्षा लपवाछपवी आणि खोटे कागद शिक्षा वाढवतात.

पैसे परत मिळवण्याची वाट

दिवाणी दावा साधारणपणे तीन वर्षांच्या आत लावायचा. बार कौन्सिलच्या निकालाची वाट बघत हा काळ घालवणे ही सगळ्यात महागडी चूक. उत्पन्न कमी असेल, किंवा महिला, अनुसूचित जाती-जमातीचे असाल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो.

फौजदारी बाजूने गुन्हेगारी न्यासभंग, म्हणजे विश्वासाने सोपवलेल्या पैशाचा अपहार: १ जुलै २०२४ पूर्वीच्या कृत्यासाठी भारतीय दंड संहितेची कलमे ४०६, ४०९, त्यानंतरच्यासाठी भारतीय न्याय संहितेचे कलम ३१६. वकील हा ‘मुखत्यार किंवा अभिकर्ता’ म्हणून जास्त शिक्षेच्या पोटकलमात येतो का, यावर युक्तिवाद होतो. फिर्यादीत वस्तुस्थिती लिहा, कलमाचा हट्ट धरू नका. ठाण्यात नोंद घेतली नाही तर पोलीस अधीक्षकांना लेखी, नंतर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज.

ग्राहक आयोगाची वाट मात्र बंद आहे. वकिलाची सेवा ग्राहक कायद्यात येत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १४ मे २०२४ रोजी लागला. आजही ‘ग्राहक मंचात जा’ असा सल्ला मिळतो. त्यात वेळ घालवू नका.

समितीच्या आदेशाविरुद्ध कळल्यापासून ६० दिवसांत भारतीय विधिज्ञ परिषदेकडे, तिथून पुन्हा ६० दिवसांत सर्वोच्च न्यायालयात अपील. तक्रारदारालाही हा हक्क आहे. वकिलाने अपील केले म्हणून शिक्षा आपोआप थांबत नाही, त्याला वेगळी स्थगिती मिळवावी लागते. समितीने खर्च देण्याचा आदेश केला असेल तर तो उच्च न्यायालयाच्या आदेशासारखा वसूल करता येतो. त्यासाठी दरखास्त, म्हणजे वसुलीचा अर्ज, द्यावी लागते.

ज्याच्यावर आरोप झाला त्या वकिलासाठी

सगळ्या तक्रारी खऱ्या नसतात. हरलेला दावा किंवा न द्यायची फी यातूनही त्या येतात. तरी नोटिशीकडे दुर्लक्ष करू नका. ‘समितीतले ओळखीचे आहेत’ या भरवशावर गैरहजर राहिलेल्यांविरुद्ध एकतर्फी आदेश झाले आहेत. कैफियतीत तक्रारदाराच्या स्वभावावर लिहिण्याआधी हिशोब जोडा. प्रत्येक रकमेपुढे तारीख, फी की खर्च, आणि पावतीचा क्रमांक. एखादी नोंद राहिली असेल तर ती मान्य करा, मागाहून वही लिहू नका. हिशोबात तुमच्याच हातात काही शिल्लक निघत असेल तर ती कैफियतीआधी बँकेतून अशिलाच्या खात्यात भरा, आणि हे चूक मान्य करणे नव्हे असे पत्रात नमूद करा.

आणि तक्रार येऊच नये म्हणून: अशिलांच्या पैशासाठी वेगळे बचत खाते, सक्ती नसली तरी. पावतीपुस्तकावर ‘फी’, ‘खर्च’, ‘अशिलाची रक्कम’ असे तीन चौकोन छापून घ्या. कोर्टातून रक्कम आली त्याच दिवशी संदेश पाठवा. प्रकरण संपले की एका पानाचा अंतिम हिशोब दोन प्रतींत करा, दोघांच्या सह्या घ्या आणि एक प्रत फाइलसोबत अशिलाला द्या. फाइल परत दिल्याची सहीही त्याच पानावर घ्या.